नळी, फुगा आणि घास : कृत्रिम श्वासाच्या मागे राहून गेलेल्या गिळण्याचा इतिहास

१/ कोपनहेगन, ऑगस्ट १९५२. डेन्मार्कच्या राजधानीतील ब्लेगडॅम या साथरोग रुग्णालयात पोलिओच्या रुग्णांची रीघ लागली होती. साथ ऐन भरात असताना एका दिवसात पन्नासपर्यंत रुग्ण दाखल होत. त्यांतील अनेकांना श्वास घेता येत नव्हता आणि अनेकांना स्वतःची लाळसुद्धा गिळता येत नव्हती. पहिल्या अडचणीवर त्या वर्षी जो उपाय सापडला, त्यातून आजचा अतिदक्षता विभाग जन्माला आला. दुसरी अडचण मात्र पुढची कित्येक वर्षे त्या यशाच्या सावलीत राहिली. हा धागा त्या दुसऱ्या अडचणीचा आहे.

२/ गिळणे ही क्रिया इतकी अंगवळणी पडलेली असते की ती बंद पडेपर्यंत तिची दखल कोणी घेत नाही. घशात दोन रस्ते एकमेकांना छेदतात. हवा पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत जाते, अन्न मागच्या अन्ननलिकेत. आवंढा गिळताना कंठमण्यावर बोट ठेवले तर तो वर उचललेला जाणवतो. त्या क्षणी स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, त्यावरचे झाकण मागे कलते, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. हे सारे सुमारे एका सेकंदात उरकते.

३/ या एका सेकंदाचे नियंत्रण मेंदूच्या देठात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात असते. पोलिओचा विषाणू तेथे पोहोचला की घशाचे स्नायू लुळे पडत. माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. निरोगी माणूस ती नकळत गिळतो. अशा रुग्णाच्या घशात ती साचत राही आणि श्वासाबरोबर फुफ्फुसांत उतरे. कोपनहेगनच्या त्या साथीत या प्रकारचे रुग्ण विशेष मोठ्या संख्येने होते. पाण्याबाहेर बुडून मरावे, तशी त्यांची अवस्था होई.

४/ श्वास बंद पडलेल्यांसाठी त्या काळी ‘लोखंडी फुफ्फुस’ हे यंत्र होते. १९२८ साली बॉस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर यांच्या यंत्राचा वापर सुरू झाला. रुग्णाचे मानेखालचे शरीर पोलादी पिंपात ठेवायचे आणि आतली हवा खेचून छाती फुलवायची, ही त्याची रीत. ज्याची छाती दुबळी पण घसा शाबूत, त्याला या यंत्राने जीवदान दिले. ज्याला गिळता येत नाही, त्याच्या बाबतीत मात्र यंत्र छाती फुलवताना घशात साचलेली लाळही आत ओढून घेई. त्याला तेच यंत्र घातक ठरे.

५/ ब्लेगडॅमकडे असे एकच पिंप होते आणि छातीवर कवचासारखी बसवायची सहा छोटी यंत्रे होती. साथीच्या आरंभी त्यांच्या आधाराने उपचार केलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांच्या आत दगावले. विभागप्रमुख प्राध्यापक लासेन यांच्यापुढे दुसरा मार्ग दिसत नव्हता. तेव्हा मोगेन्स ब्यर्नेबो या तरुण सहकाऱ्याने एका भूलतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा असे सुचवले. शस्त्रक्रियागृहाबाहेर, रुग्णकक्षात भूलतज्ज्ञाला बोलावण्याची त्या काळी पद्धत नव्हती. त्या भूलतज्ज्ञाचे नाव ब्यर्न इब्सेन.

६/ इब्सेन यांनी मृतांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष पाहिले. फुफ्फुसांत सर्वच ठिकाणी हवा जाऊ नये इतकी हानी झालेली नव्हती. म्हणजे हवा आत पोहोचत नव्हती आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नव्हता. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ जे रोज करतो, तेच येथे करता येईल, असे त्यांनी मांडले : श्वासनलिकेत नळी घालायची, ती फुग्याने घट्ट बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलायची.

७/ गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी, नवी नव्हती. १५४६ साली इटालियन वैद्य आंतोनियो मुसा ब्रासावोला यांनी ती यशस्वी केल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आर्मां त्रुसो यांनी घटसर्पाने श्वास कोंडलेल्या मुलांवर ती मोठ्या प्रमाणावर केली. १९०९ साली अमेरिकेच्या शेव्हॅलिअर जॅक्सन यांनी तिची पद्धतशीर रीत घालून दिली. या सर्व काळात नळीचे काम एकच होते. वरचा रस्ता बंद झाला, तर खाली दुसरी वाट काढायची आणि अडथळा दूर होताच नळी काढून टाकायची.

८/ नळीभोवतीचा फुगा वेगळ्या गरजेतून आला. जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८७१ साली फुगा असलेल्या नळीचे वर्णन प्रसिद्ध केले. तोंड आणि घशाच्या शस्त्रक्रियेत रक्त श्वासनलिकेत उतरू नये, हा तिचा हेतू. पुढे १९४३ साली अमेरिकेच्या टी. सी. गॅलोवे यांनी गिळणे बंद पडलेल्या पोलिओ रुग्णांसाठी ट्रॅकिओस्टॉमी सुचवली, कारण गळ्यातील छिद्रातून साचलेला स्राव खेचून काढता येतो. इब्सेन यांच्या हाती या दोन्ही गोष्टी तयार होत्या. त्यांनी त्यांना हवेच्या दाबाची जोड दिली.

९/ २७ ऑगस्ट १९५२ रोजी प्रयोगासाठी बारा वर्षांची एक मुलगी निवडण्यात आली. ती लाळेत गुदमरत होती, अंग तापलेले होते, चारही अवयव लुळे पडले होते. स्थानिक भूल देऊन गळ्याला छेद दिला आणि नळी बसवली. पण श्वासवाहिन्या आवळल्या गेल्या, ती झगडू लागली आणि हवा आत जाईना. पाहायला जमलेले डॉक्टर आशा सोडून पांगू लागले. इब्सेन यांनी तिला पेंटोथाल देऊन शांत केले. तिचा स्वतःचा झगडा थांबताच पिशवीतील हवा आत जाऊ लागली, त्वचेचा रंग पालटला. मुलगी वाचली.

१०/ पुढच्या काही महिन्यांत सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी पिशव्या दाबल्या, एकूण सुमारे १,६५,००० तास. एका वेळी ७० रुग्ण अशा रीतीने हातांनी श्वास घेत होते. जुलै ते डिसेंबर या काळात रुग्णालयाने पोलिओचे २,७२२ रुग्ण हाताळले, त्यांतील ३१६ जणांचा श्वसनाचा प्रश्न गंभीर होता. आरंभी दहांपैकी जवळजवळ नऊ जण दगावत होते; वर्ष संपेपर्यंत हे प्रमाण निम्म्याहून खाली आले. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या थोड्या अवधीत इतका मोठा पालट क्वचितच झाला असेल.

११/ येथे एक गोष्ट नोंदवून ठेवावी लागते. त्या मुलीच्या गळ्यातील फुगलेली नळी दोन कामे करीत होती. ती हवा आत नेत होती आणि घशातील लाळेला खाली वाट बंद करीत होती. गिळण्याचे बिघडलेले काम तिने दुरुस्त केले नव्हते, केवळ ओलांडले होते. साथीच्या धुमश्चक्रीत तेवढेच पुरेसे होते. परंतु त्यातून एक समजूत रुजली : फुगा फुगलेला आहे तोवर फुफ्फुसे सुरक्षित आहेत, आणि गिळण्याचा विचार नळी निघाल्यावर करता येईल.

१२/ १९५३ साली इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उभा केला. जगातील पहिल्या अतिदक्षता विभागांत त्याची गणना होते. विद्यार्थ्यांच्या हातांची जागा स्वीडनच्या एंगस्ट्रम यांच्यासारख्या यंत्रांनी घेतली. लवकरच धनुर्वात, छातीच्या गंभीर दुखापती, विषबाधा, मोठ्या शस्त्रक्रिया अशा कितीतरी कारणांनी माणसे आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर राहू लागली. घटसर्पाच्या काळी काही दिवसांपुरती घातलेली नळी आता महिनोनमहिने गळ्यात राहू लागली. तिचे दुष्परिणाम दिसायलाही तितका काळ मिळाला.

१३/ पहिला दुष्परिणाम फुग्याचाच होता. जुने रबरी फुगे लहान आणि ताठ असत. श्वासनलिकेच्या अस्तरावर त्यांचा दाब इतका पडे की तेथील रक्तपुरवठा थांबून जखमा होत आणि त्या भरताना नलिका आवळली जाई. बॉस्टनचे जोएल कूपर आणि हर्मिस ग्रिलो यांनी १९६९ साली ही हानी कशी घडत जाते ते दाखवले. त्यानंतर मोठे, मऊ, कमी दाबाचे फुगे आले. १९८४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका अभ्यासाने दाखवले की ३० सेंटिमीटर पाण्यापेक्षा अधिक दाबाने अस्तराचा रक्तप्रवाह बाधित होतो. आज दाब २० ते ३० च्या दरम्यान ठेवण्याचा दंडक आहे.

१४/ दुसरा दुष्परिणाम ध्यानात यायला उशीर लागला, कारण तो दिसत नव्हता. १९६६ साली लॅन्सेट या नियतकालिकात फेल्डमन, डील आणि अर्कहार्ट यांचा ट्रॅकिओस्टॉमीनंतर गिळण्यात होणाऱ्या बिघाडावरचा छोटा लेख आला. या रुग्णांना पोलिओ नव्हता, घशाचे स्नायू लुळे पडण्याचे कारण नव्हते. तरीही घास चुकीच्या वाटेने जात होता. गिळता येत नाही म्हणून एकेकाळी घातलेल्या नळीमुळेच गिळणे बिघडते की काय, हा प्रश्न आता उघडपणे विचारला गेला.

१५/ १९७१ साली फिलिप बोनॅनो यांनी त्याचे एक यांत्रिक स्पष्टीकरण मांडले. गिळताना स्वरयंत्राला वर उचलले जावे लागते. नळी मात्र गळ्याच्या कातडीला आणि श्वासनलिकेला एकत्र बांधून ठेवते. खुंटीला दावे बांधलेल्या जनावराला जसे ठरावीक अंतरापलीकडे जाता येत नाही, तसे स्वरयंत्र पुरेसे वर येत नाही. ते वर आले नाही तर झाकण नीट बसत नाही आणि अन्ननलिकेचे तोंडही पूर्ण उघडत नाही. शिवाय फुगा अधिक फुगवला तर श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीतून तो अन्ननलिकेवर दाब देतो.

१६/ १९७३ साली जॉन कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी चाचणी केली. ट्रॅकिओस्टॉमी असलेल्या ६१ रुग्णांच्या जिभेवर ठरावीक अंतराने निळ्या रंगाचे थेंब ठेवले आणि नळीतून स्राव खेचून पाहिला. ६९ टक्के रुग्णांच्या श्वासनलिकेतून निळा रंग बाहेर आला. हे कुणी पेलाभर पाणी प्यायले नव्हते. केवळ स्वतःची लाळ गिळण्याचा प्रश्न होता. फुगा फुफ्फुसांचे रक्षण करतो, या समजुतीला येथे पहिला मोठा तडा गेला.

१७/ फुगा असतानाही असे का घडते? लाळ किंवा घास स्वरतंतूंच्या खाली उतरला की तो श्वासमार्गात शिरलाच. फुगा त्याहून खाली, श्वासनलिकेच्या मध्यभागी असतो. तो अडवतो तेव्हा चूक आधीच घडून गेलेली असते. उतरलेला स्राव फुग्याच्या माथ्यावर डबक्यासारखा साचतो आणि मऊ फुग्याला पडलेल्या बारीक सुरकुत्यांतून हळूहळू झिरपतो. दारे सताड उघडी ठेवून आतल्या खोलीला कडी लावावी, तसे ते संरक्षण असते. त्यातून उद्भवणारा न्यूमोनिया अतिदक्षता विभागातील मृत्यूंचे एक मोठे कारण आहे.

१८/ तिसरे कारण मज्जातंतूंशी निगडित होते. स्वरयंत्राला अन्नाचा वा पाण्याचा स्पर्श होताच ते झटकन मिटते. ही प्रतिक्षिप्त क्रिया हवेच्या रोजच्या ये-जा करण्याने जागी राहते. येल विद्यापीठाचे क्लॅरेन्स ससाकी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की हवा दीर्घकाळ वरच्या मार्गाने गेलीच नाही, तर ही क्रिया मंदावते आणि तिचा मेळ सुटतो. न वापरलेल्या वाटेवर गवत माजते, तसाच हा प्रकार.

१९/ नळीच्या फुग्याने हवेचा वरचा मार्ग बंद होतो, त्याचे परिणाम गिळण्यापलीकडेही पसरतात. स्वरतंतूंमधून हवा न गेल्यामुळे आवाज जातो. नाकातून हवा न गेल्यामुळे वास येत नाही, आणि वासावाचून चवही फिकी पडते. दाब निर्माण न झाल्यामुळे खोकला दुबळा होतो, घशात अडकलेले बाहेर काढता येत नाही. माणूस शुद्धीवर असतो, समोरच्याचे ऐकत असतो, पण ‘पाणी हवे’ एवढेही त्याला उच्चारता येत नाही. महिनोनमहिने तोंडात कण न गेलेल्या रुग्णाचे हे एकाकीपण कुठल्याही यंत्राच्या पडद्यावर दिसत नाही.

२०/ या अदृश्य बिघाडाला प्रथम डोळ्यांसमोर आणले ते क्ष-किरणांनी. अमेरिकेच्या जेरी लोगमन यांनी बेरियम मिसळलेले घास देऊन गिळण्याचे हलते क्ष-किरण चित्रण करण्याची पद्धत रूढ केली. १९८३ साली त्यांचे या विषयावरील पाठ्यपुस्तक आले. लोगमन वाचा-उपचारतज्ज्ञ होत्या. जीभ, टाळू आणि स्वरयंत्र हे त्यांच्या अभ्यासाचे क्षेत्रच होते. बोलणे आणि गिळणे एकाच अवयवांवर चालते, म्हणून गिळण्याची जबाबदारी हळूहळू याच व्यवसायाकडे आली. १९८८ साली सुसान लँगमोर यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणे पाहण्याची पद्धत मांडली. ती रुग्णाच्या खाटेपाशीच करता येत असल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी फार सोयीची ठरली.

२१/ चित्र दिसू लागल्यावर जे आढळले ते धक्कादायक होते. १९९४ साली शिकागोच्या एलन एल्पर्न आणि सहकाऱ्यांनी व्हेंटिलेटर व ट्रॅकिओस्टॉमी असलेल्या ८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांत घास श्वासमार्गात जात होता. आणि अशा प्रसंगांपैकी ७७ टक्के वेळा रुग्णाला ठसका लागला नव्हता, डोळ्यांत पाणी आले नव्हते, चेहराही बदलला नव्हता. ठसका हा शरीराचा चौकीदार. तोच झोपी गेला असेल, तर खाटेशेजारी उभे राहून ‘व्यवस्थित गिळतो आहे’ असे म्हणणे किती फसवे असू शकते, हे या आकड्याने दाखवले.

२२/ निळ्या रंगाच्या चाचणीचीही मर्यादा उघड झाली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या काही रुग्णांच्या नोंदींत चाचणी निर्दोष आली असतानाही क्ष-किरणांत घास श्वासनलिकेत गेलेला दिसला. रंग दिसला तर दोष निश्चित. रंग दिसला नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. याच रंगाचा आणखी एक वापर प्रचारात होता : पोटातील नळीवाटे द्यायच्या अन्नात तो मिसळणे. तो शरीरात शोषला जाऊन काही अतिगंभीर रुग्ण दगावल्याच्या नोंदी आल्यानंतर २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याविषयी जाहीर इशारा दिला.

२३/ हवेला पुन्हा वरची वाट देण्याचा एक उपाय रुग्णाकडूनच आला. डेव्हिड म्युअर हा मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेला अमेरिकी तरुण व्हेंटिलेटरवर होता. स्वतःला बोलता यावे म्हणून त्याने १९८० च्या दशकात नळीच्या तोंडाशी बसणारी एकेरी झडप तयार केली. श्वास नळीतून आत जातो, झडप मिटते आणि उच्छ्वास स्वरतंतूंमधून तोंडावाटे बाहेर पडतो. ‘पॅसी-म्युअर’ या नावाने ती जगभर गेली. ती लावण्यापूर्वी फुगा पूर्ण रिकामा करावाच लागतो. अन्यथा उच्छ्वासाला वाटच उरत नाही आणि रुग्ण गुदमरतो.

२४/ झडप आली होती बोलण्यासाठी, पण तिच्याबरोबर वास, खोकल्याचा जोर आणि स्वरतंतूंखालचा हवेचा दाबही परत आला. काही अभ्यासांत तिच्यामुळे घास श्वासमार्गात जाण्याचे प्रमाण घटलेले दिसले, काहींत फरक आढळला नाही. तरीही तिने उपचाराचा क्रम बदलला. पूर्वी आधी नळी काढायची आणि मग खाण्याचा विचार करायचा, अशी रीत होती. आता नळी असतानाच फुगा थोडा थोडा वेळ रिकामा करायचा, हवा वरून जाऊ द्यायची, तोंड स्वच्छ ठेवायचे आणि देखरेखीखाली चमचाभर पाण्याने वा बर्फाच्या तुकड्याने गिळण्याचा सराव सुरू करायचा, हा मार्ग रूढ होऊ लागला.

२५/ दरम्यान मूळ प्रश्नालाच आव्हान मिळाले. गिळणे नळीमुळे बिघडते, हे खरे का? येलचे स्टीव्हन लेडर आणि डग्लस रॉस यांनी २००० साली २० रुग्णांचे गिळणे ट्रॅकिओस्टॉमीपूर्वी आणि नंतर असे दोन्ही वेळा दुर्बिणीने तपासले. जवळजवळ सर्वांची स्थिती आधी होती तशीच नंतर होती. ज्याचा घास आधी चुकत होता त्याचाच नंतर चुकत होता. २०१० साली त्यांनी हाच अभ्यास पुन्हा केला, निष्कर्ष तोच निघाला. त्यांच्या मते नळीकडे बोट दाखवताना मूळ आजाराकडे दुर्लक्ष झाले होते.

२६/ या वादातून दृष्टी रुंदावली. ट्रॅकिओस्टॉमीपर्यंत पोहोचलेला रुग्ण त्याआधीच बहुधा कित्येक दिवस तोंडातून घशात उतरवलेल्या नळीवर राहिलेला असतो. ती नळी स्वरतंतूंमधूनच जाते आणि त्यांना इजा करू शकते. दीर्घ आजारात हातापायांचे स्नायू वाळतात तसे घशाचेही. मेंदूवर गुंगीच्या औषधांचा व भ्रमावस्थेचा परिणाम असतो. पक्षाघात वा डोक्याची दुखापत असेल तर गिळण्याचे केंद्रच बाधित असते. गळ्यातील नळी या साऱ्यात एक भागीदार आहे. तिचा वाटा रुग्णागणिक वेगळा, म्हणून प्रत्येक घसा स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

२७/ अशा रुग्णांची संख्याही वाढत होती. १९८५ साली पॅट सिग्लिया यांनी मोठा छेद न देता, सुई आणि विस्फारकांच्या साहाय्याने खाटेवरच ट्रॅकिओस्टॉमी करण्याची पद्धत मांडली आणि ही शस्त्रक्रिया अतिदक्षता विभागाच्या नित्यक्रमात आली. त्यांतून सुटकेचा दरवाजा मात्र गिळण्यातूनच जात होता. स्वतःची लाळ सांभाळता येत नसेल, तर व्हेंटिलेटर सुटूनही नळी काढता येत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत पक्षाघाताच्या अशा ६९ रुग्णांचा समावेश होता. घशाला सौम्य विद्युत-उत्तेजन दिलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्ण लवकरच नळी काढण्यास योग्य ठरले. उत्तेजनाचा केवळ आभास दिलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते.

२८/ २०२० साली कोविडने कोपनहेगनची आठवण जागी केली. पुन्हा एकदा एकाच वेळी असंख्य रुग्ण, आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटर आणि मग गळ्याला नळी. या वेळी विषाणूने घशाचे मज्जातंतू लुळे केलेले नव्हते. प्रदीर्घ उपचारांनी आणि आजाराने गिळणे दुबळे झाले होते. गिळणे तपासण्याने शिंतोडे उडून संसर्ग पसरेल, या भीतीने अनेक ठिकाणी दुर्बिणीच्या तपासण्या थांबल्या. नेमकी गरज सर्वाधिक होती, तेव्हाच घसा पुन्हा दृष्टीआड झाला.

२९/ भारतात या कामासाठी लागणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांच्या शिक्षणाला १९६५ साली म्हैसूरला स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेने मोठा आधार दिला. मुंबईतही वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे. तरी या तज्ज्ञांकडे लोक बहुधा तोतरेपणासाठी किंवा न बोलणाऱ्या मुलासाठी जातात. अतिदक्षता विभागातील रुग्णाचे गिळणे हाही त्यांचाच प्रांत आहे, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. मग दोन टोके दिसतात. कुणी मायेपोटी, डॉक्टरांना न विचारता, नळी असलेल्या माणसाच्या तोंडात चहाचा चमचा सोडतो. कुणी भीतीपोटी पुढे कित्येक महिने थेंबही देत नाही. पहिल्या चुकीचे फळ न ठसकता झालेला न्यूमोनिया, दुसरीचे न वापरल्यामुळे आणखी दुबळा झालेला घसा.

३०/ १९५२ च्या त्या उन्हाळ्यात गिळणे हरवलेल्या मुलीला नळीने वाचवले. त्यानंतर अनेक दशके वैद्यक त्या नळीलाच गिळण्याचे उत्तर समजत राहिले. उत्तर अपुरे आहे हे दाखवायला जिभेवरचे निळे थेंब लागले, क्ष-किरणांचे चित्रण लागले, आणि बोलू इच्छिणाऱ्या एका तरुणाची झडप लागली. आज गळ्यात नळी असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : यांचे गिळणे तपासले आहे का, आणि ते कोणी व कसे तपासले? बाळाच्या उष्टावणाला आपल्याकडे मुहूर्त पाहतात. मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाच्या पहिल्या घासालाही तेवढीच काळजी घ्यायला हवी.